मुरमाड माळावर गुग्गुळ: कलम, पाणी, चीक आणि घरातला वापर

माळरान_माण

नमस्कार मंडळी. माण तालुक्यात एक एकर माळ पडून आहे. वर वीतभर मुरूम, खाली कच्चा खडक. पाऊस जेमतेम, विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत. ज्वारीही धड येत नाही, म्हणून गुग्गुळ लावायचा विचार आहे. रोपं विकणारा एक जण म्हणतो, तिसऱ्या वर्षापासून झाडामागे किलोभर डिंक निघेल आणि सगळा माल तोच उचलेल. हे कितपत खरं? एकरात किती झाडं बसवावीत, रोपं विकत घ्यावीत की कलमं घरी करता येतात, पाणी किती द्यावं? आणि निघालेला गुग्गुळ घरात धूप म्हणून किंवा औषध म्हणून थेट वापरला तर चालतो का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

कच्छकर

आधी तो तिसऱ्या वर्षाचा किलो डोक्यातून काढा. गुग्गुळ फार सावकाश वाढतो. चीक (सुकला की तोच डिंक, म्हणजे गुग्गुळ) सालीला चीर पाडून काढतात, आणि चीर पाडण्याजोगं खोड व्हायला आठ ते दहा वर्षं लागतात. खूण सोपी आहे: जमिनीलगत खोडाचा व्यास साडेसात सेंमी भरला पाहिजे, म्हणजे सुतळी गुंडाळली तर घेर साधारण साडेतेवीस सेंमी. त्याआधी चीर पाडली तर चीक थोडा येतो आणि झाड मात्र हातचं जातं. वाढ पूर्ण झालेलं निरोगी झाड एका हंगामात २०० ते ५०० ग्रॅम देतं. किलो कुणी सांगत असेल तर त्याला रोपं खपवायची आहेत.

तुमची जमीन मात्र या झाडाला पसंत पडेल. कच्छ, सौराष्ट्र, बाडमेर, जैसलमेर, जोधपूर, अजमेर हा त्याचा मुलूख, आणि सीमेपलीकडे सिंध, बलुचिस्तान. सगळीकडे वाळू, मुरूम, चुनखडीचे डोंगर आणि वर्षाला २५० ते ५०० मिमी पाऊस. जमिनीचा सामू (पीएच) साडेसात ते नऊ असला तरी झाड कुरकुरत नाही, उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकला तरी तग धरतं. त्याला सोसत नाही ते साचलेलं पाणी. आपल्याकडे खरा धोका उन्हाळ्याचा नाहीच, तो परतीच्या पावसाचा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सलग चार दिवस पाणी मुळाशी उभं राहिलं की मुळं कुजतात, आणि झाड मेल्याचं थेट पुढच्या जूनमध्ये कळतं, कारण मधल्या काळात ते तसंही बिनपानाचंच असतं. म्हणून माळाचा उतार बघा, खोलगट भाग सोडून द्या आणि काळ्या जमिनीत हा प्रयोग अजिबात करू नका.

बिनपानाच्या काळाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण नवखे लोक इथेच फसतात. पावसाबरोबर तीन-तीन पर्णिकांची बारीक पानं फुटतात आणि हिवाळ्यात गळून जातात. नंतर उरतात टोकाला काटे असलेल्या वाकड्यातिकड्या फांद्या. खोडावर कागदासारखा पिवळट पापुद्रा सुटलेला असतो. तो नखानं अलगद सोला, खाली हिरवीगार साल दिसेल. पानं नसताना झाड या सालीतूनच अन्न तयार करतं. हिरवी दिसली तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडी निघाली तर गेलं. पानं नाहीत म्हणून मार्चमध्ये पाण्याचा मारा केला की उरलेली मुळंही कुजतात.

अंतराचं गणित असं: ३ × ३ मीटरवर एकरी साधारण ४५० झाडं बसतात, २ × २ वर हजारभर. शिफारशीत दोन्ही आढळतात. माझं मत ३ × ३. झाड काटेरी आहे, चीक गोळा करायला माणसाला सगळीकडून फिरता यायला हवं. शिवाय पहिली पाच-सहा वर्षं मधल्या पट्ट्यात मटकी, हुलगा किंवा गवार घेता येते, तेवढंच उत्पन्न.

खड्डे मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद, खोल घ्या आणि पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, पाच किलो कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर न घातलेलं बरं, वाळवीला आमंत्रण मिळतं, आणि या झाडाचा पहिला शत्रू वाळवीच. तुमच्याकडे खाली कच्चा खडक आहे, तेव्हा खड्ड्याचा तळ पहारीनं फोडून घ्या. नाहीतर खड्डा म्हणजे पाणी धरणारं भांडं होतं. लागवड झाल्यावर खोडाला मातीची भर द्या, आळं खोडापासून वीतभर लांब करा.

पाणी: लावल्यावर एकदा, पुढे पावसात खंड पडला तर. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पंधरा-वीस दिवसांनी झाडामागे आठ-दहा लिटर पुरतं. विहीर फेब्रुवारीत आटते म्हणता, मग मार्च ते मे टँकरची सोय आधी बघून ठेवा. ४५० झाडांना एका वेळी साडेचार हजार लिटर, म्हणजे एक मध्यम टँकर. तिसऱ्या वर्षापासून पाणी बंद केलं तरी चालतं. आणि पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून कुंपण हवंच. कोवळा शेंडा त्या सोडत नाहीत.

---

कलम_खुंट

रोपं विकत घ्यायची गरज नाही. गुग्गुळ छाट कलमावर, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत लावून, सहज येतो, अट एवढीच की छाट योग्य फांदीचा हवा.

जून-जुलैमध्ये पक्क्या, राखाडी झालेल्या फांदीचे २० ते २५ सेंमी लांबीचे छाट घ्या. जाडी पेन्सिलीपेक्षा जास्त, करंगळीएवढी. हिरव्या कोवळ्या शेंड्याचे छाट कुजतात, फार जाड लाकडाचे फुटतात पण मुळं उशिरा धरतात. खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घ्या. पानं नसलेल्या छाटाचं वर-खाली ओळखणं कठीण, आणि उलटे लावलेले छाट ही रोपवाटिकेतली नेहमीची चूक. तिरका काप कायम मातीत, एवढं मजुरांना सांगून ठेवलं की गोंधळ होत नाही.

कापल्याबरोबर कापातून चीक येतो. तसाच छाट ओल्या मातीत खोचला तर चिकावर बुरशी धरते. सावलीत एक दिवस ठेवा, काप सुकून वर पापुद्रा धरतो. मग खालचं टोक पक्क्या लाकडासाठीच्या मुळं फुटण्याच्या पुडीत बुडवून लावा. पुडीशिवायही मुळं येतात, फक्त फुटवा पुढेमागे होतो.

पिशवीत दोन भाग जाड वाळू, एक भाग माती, एक भाग गाळलेलं शेणखत. गांडूळखताचं प्रमाण वाढवलं की मिश्रण ओल धरून ठेवतं आणि छाट काळे पडतात. तळाला चार-पाच भोकं पाडा. छाटाचा दोन तृतीयांश भाग मातीत जाऊ द्या. दहा-पंधरा दिवसांत डोळे फुटायला लागतात. इथे बहुतेक जण फसतात: पानं आली म्हणजे मुळं आली असं नाही. छाटात साठवलेल्या अन्नावर पानं फुटतात, मुळं मागाहून येतात. पानं दिसली म्हणून पिशवी उन्हात हलवली किंवा छाट ओढून पाहिला की तो गेलाच. अर्ध्या सावलीत ठेवा, मिश्रण वरून सुकलं तरच पाणी. शेतात लावायला रोप तयार होतं पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे दहा-बारा महिन्यांनी. या जूनमध्ये कलम केलं तर लागवड पुढच्या जून-जुलैत. खड्डेही पुढच्या मे महिन्यातच घ्या, आधी खणून गाळ भरू देऊ नका.

बियांचं सांगायचं तर उगवण अगदी कमी, पाच टक्क्यांच्या आसपास. फळातल्या काळ्या बिया घ्या, पिवळट-पांढऱ्या पोकळ निघतात. पण बियांच्या रोपाला सोटमूळ असतं, ते जोराच्या वाऱ्यात पडत नाही. कलमाच्या झाडाची मुळं पसरट. माळावर वारा असेल तर पहिली दोन-तीन वर्षं काठीचा आधार द्या, आणि पश्चिमेच्या बांधावर ग्लिरिसिडिया किंवा निवडुंगाची रांग ठेवा.

छाटांसाठी जंगलातलं झाड तोडून आणू नका. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत २०१५ पासून गुग्गुळ 'अतिसंकटग्रस्त' आहे. लोकांनी चिकासाठी मारलेली झाडं, हेच मुख्य कारण. लागवडीसाठीचे खात्रीचे छाट आणि माहिती जोधपूरच्या काझरीत (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था), आणंदजवळ बोरियावीच्या औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालयात किंवा अजमेरजवळच्या मांगलियावासच्या गुग्गुळ प्रक्षेत्रावर विचारून बघा. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पती संशोधन संस्थेनं 'मरुसुधा' हा वाण काढलेला आहे, तो मिळतो का तेही विचारा. ई-पीक पाहणीत (सरकारी पीकनोंदणीत) लागवड नोंदवा आणि फोटो ठेवा. माल लागवडीचा आहे, जंगलातला नाही, हे विकताना दाखवावं लागतं.

---

माळरान_माण

दोघांचे आभार. हिशेब केला तर ४५० झाडं गुणिले २५० ग्रॅम, म्हणजे दहाव्या वर्षी एकरी शंभर-सव्वाशे किलो. बरोबर? आणि चीर नेमकी कशी पाडायची? झाडं मरतात असं सगळेच म्हणतात, ती चिरेनं मरतात की दुसऱ्या कशानं?

---

कच्छकर

गुणाकार बरोबर, पण त्यातला निम्माच आकडा धरा. सगळ्या झाडांना दरवर्षी चीर पाडायची नसते. एक वर्ष निम्मी झाडं, पुढच्या वर्षी उरलेली निम्मी, म्हणजे प्रत्येक झाडाला मधे एक पूर्ण पावसाळा सावरायला मिळतो. मग वर्षाला पन्नास-साठ किलो. त्यातूनही मर, चोरी आणि मातीत पडलेला दुय्यम माल वजा जातो. भाव दर्जाप्रमाणे इतका बदलतो की आज कागदावर धरलेला पैसा दहा वर्षांनी तसाच असेल असं समजू नये.

झाड मरतं ते हव्यासानं. चिराचं तंत्र असं.

हंगाम डिसेंबर ते मार्च. पानं गळालेली, हवा कोरडी. पावसाळ्यात चीर पाडली तर चीक वाहून जातो आणि जखमेतून बुरशी शिरते. जमिनीपासून वीत-दीड वीत वर, मनगटाएवढ्या जाड खोडावर किंवा फांदीवर धारदार चाकूनं तिरकी चीर घ्या. चीर सालीपुरतीच. पांढरं लाकूड दिसलं की हात थांबवा. चीक सालीतल्या नलिकांमध्ये असतो, लाकडात नाही. लाकडात शिरलात तर चीक वाढत नाही, फक्त जखम खोल होते आणि भरून येत नाही. दोन चिरांमध्ये हातभर अंतर, आणि खोडाभोवती पूर्ण वळसा कधीच नाही. साल सगळीकडून तुटली की पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, झाड उभ्या उभ्या वाळतं.

चीक आधी दुधाळ, मग पिवळसर होत घट्ट थेंबांत लोंबतो. दहा-पंधरा दिवसांनी थेंब सुकले की काढा, मग जुन्या चिरेजवळ थोडी वर नवी चीर. झाडाखाली प्लॅस्टिकचा कागद किंवा स्वच्छ पोतं अंथरा, खाली पडलेल्या डिंकाला वाळू चिकटली की त्याचा दर्जा तिथेच घसरतो. पहिल्या प्रतीचे स्वच्छ थेंब वेगळ्या डब्यात ठेवा, साल-माती लागलेला माल वेगळा. घट्ट झाकणाचा डबा, थंड जागा. उन्हात ठेवलात तर सगळ्याचा एकच गोळा होतो.

जुने चीक काढणारे जखमेवर एक लेप लावत: घोड्याचं मूत्र, थोडा गुग्गुळ आणि मोरचूद. चीक धो-धो येतो, आणि बहुधा पुढच्या वर्षी झाड नसतं. इथेफॉन हे वाढ-नियंत्रक रसायन टोचूनही चीक कित्येक पट वाढतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण मात्रा झाडाच्या जाडीप्रमाणे ठरते, थोडी वाढली की फांद्या सुकत येतात. पहिल्या काही हंगामांत त्याच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या विक्रेत्याचा झाडामागे किलो याच वाटेनं निघतो, आणि एकदाच निघतो.

रोग-किडीत विशेष काही नाही. वाळवी सांगितलीच. पावसात पानं खाणारी अळी आणि पांढरी माशी येते, त्यावर निंबोळी अर्क पाच टक्के पुरतो. खोडकिडीचा भुसा खाली दिसला तर भोकात तार घालून अळी मारा आणि भोक मातीनं बुजवा.

---

वैद्य_वाटवा

घरातल्या वापराबद्दल. कच्चा गुग्गुळ तसाच पोटात घेऊ नये. शोधन (शुद्धीकरण) न केलेल्या गुग्गुळानं पुरळ, खाज, पोटात जळजळ, जुलाब होतात. शोधनाची एक रूढ पद्धत अशी: पाव किलो भरड त्रिफळा चार लिटर पाण्यात उकळून लिटरभर काढा उरवायचा. काडीकचरा निवडलेला १०० ग्रॅम गुग्गुळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून त्या काढ्यात टांगता ठेवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि मंद आचेवर शिजवायचा. गुग्गुळ विरघळून काढ्यात उतरतो, पुरचुंडीत साल आणि वाळू उरते. गाळलेलं द्रव मंद आचेवर आटवून घट्ट करायचं, तूप लावलेल्या ताटात पसरून वाळवायचं, मग थोड्या तुपासह खलबत्त्यात मऊ होईतो कुटायचं. आच मोठी ठेवली की तळाला लागतं आणि जळका वास येतो. असा गुग्गुळ फेकून द्यावा.

हे पद्धत कळावी म्हणून लिहिलं. घरी करून घरीच खावं म्हणून नाही. त्रिफळा गुग्गुळ, योगराज, कैशोर ही गुग्गुळाची तयार औषधं वेगवेगळ्या रोग्यांसाठी आहेत. त्रिफळा गुग्गुळात हिरडा, बेहडा, आवळा, पिंपळी प्रत्येकी एक भाग आणि शुद्ध गुग्गुळ पाच भाग असतो. गोळ्या सारख्याच दिसतात म्हणून एकाच्या दुसऱ्याला चालत नाहीत. ग्रंथांत नव्या गुग्गुळाला बृंहण (अंग भरवणारा) आणि जुन्याला लेखन (मेद झडवणारा) म्हटलं आहे, म्हणजे वजन कमी करायला ताजा चीक खाणं हेच मुळात उलटं.

गरोदरपणी घेऊ नये. प्रोप्रॅनोलॉल किंवा डिल्टियाझेम ही रक्तदाबाची औषधं चालू असतील तर गुग्गुळानं त्यांचं रक्तातलं प्रमाण घटतं, रक्तदाबाची गोळी घेऊनही लागू पडत नाही असं होतं. थायरॉइडची औषधं किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी सांगावं. कोलेस्टेरॉलसाठी घेणाऱ्यांना हे माहीत असावं: २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, त्यात गुग्गुळाच्या अर्कानं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उतरलं नाही, उलट किंचित वाढलं, आणि काहींना पुरळ उठलं. आपल्याकडच्या आधीच्या अभ्यासांत चांगले निकाल आहेत. मी स्वतः फक्त कोलेस्टेरॉलचा कागद बघून गुग्गुळ देत नाही.

धुपाला शोधन लागत नाही. लाल निखाऱ्यावर हरभऱ्याएवढा खडा पुरे, जास्त टाकलात तर धूर काळा आणि तिखट होतो. बाळ-बाळंतिणीला धुरी देताना शेगडीत वावडिंग, ओवा, बाळंतशेपा यांच्या जोडीला गुग्गुळ टाकायची रीत घरोघर आहे. पण बंद खोलीत तान्ह्या बाळाला धूर देऊ नये. कपडे धुरीवर धरा, धूर पूर्ण निघून गेल्यावर बाळाला खोलीत आणा. घरात कुणाला दमा असेल तर धूप अंगणात.

---

धूपदाणी

बाजारातला गुग्गुळ घेणाऱ्यांसाठी भर. धूप म्हणून मिळणारा बराचसा माल सालईचा डिंक असतो, कधी राळ, कधी बाभळीच्या डिंकाची भर. सालई गुग्गुळाच्याच कुळातली, आपल्या सातपुड्यात आणि विदर्भात भरपूर, म्हणून स्वस्त. धुपाला सालई वाईट नाही, फक्त गुग्गुळाच्या भावानं घेऊ नका.

ओळख: अस्सल खडा पिवळट ते तपकिरी आणि बोटांत दाबला की चिकट. निखाऱ्यावर जळतो, उन्हात मऊ पडतो, गरम पाण्यात घोटला की दुधाळ होतो. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो पण दुधाळ होत नाही, विस्तवावर त्याला वास नाही. राळ पाण्यात विरघळतच नाही. सालईचा वास जास्त टर्पेंटाइनकडे झुकणारा, गुग्गुळाचा जड, कडवट-गोड. दोन्ही एकदा शेजारी शेजारी जाळून बघितले की फरक नाकात बसतो. आणि फार चमकणाऱ्या खड्यांपासून सावध. हलक्या मालावर एरंडेल शिंपडून चकाकी आणायची युक्ती जुनी आहे. खडा पांढऱ्या कागदावर घासून बघा, तेलाचा डाग उमटला तर मागे ठेवा.

---

माळरान_माण

भरपूर मिळालं. एकरभर एकदम न लावता पहिल्या वर्षी शंभर छाट करतो, वरच्या उताराला लावतो. एकच शंका: जुलैत कलम केलं आणि ऑगस्टमध्ये सगळी पानं गळाली तर?

---

कलम_खुंट

छाटाच्या मध्यावर पापुद्रा सोलून बघा. हिरवं असेल तर पिशवी सावलीत तशीच ठेवा, पाणी निम्म्यावर आणा, नवे डोळे महिन्याभरात फुटतात. खालून काळं चढत असेल तर पिशवी उपसून भोकं बुजलीत का ते पाहा, बहुतेक वेळा तेच असतं. शंभर हवीत तर सव्वाशे छाट लावा.